दोन विजांवर धावणारी इंजिने : इगतपुरी, विरार आणि ब्रिटनची इलेक्ट्रो-डिझेल



नाशिक, जळगाव, भुसावळ, नागपूर या भागांतून आखातात आलेल्या आपल्या मंडळींना एक प्रसंग वेगळा सांगायला नको. मुंबईला निघालेली मेल इगतपुरीला थांबे. बराच वेळ थांबे. फलाटावर बटाटेवडे आणि चहावाल्यांची गडबड सुरू होई, आणि वडील मंडळी मुलांना सांगत, "उतरू नको रे, इंजिन बदलतंय!" पुढचे इंजिन सुटून बाजूच्या रुळावर जाई, दुसरे इंजिन उलटे येऊन टेकत असे, डब्यांना एक हलकासा धक्का बसे आणि गाडी कसारा घाट उतरू लागे.

दोन्ही इंजिने विजेवरचीच. दोन्हींच्या डोक्यावर तार होतीच. मग बदलायचे कशाला? हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी पडला असेल आणि "वीज वेगळी आहे" एवढ्या उत्तरावर आपले समाधानही झाले असेल. आता आपली मुले बुरजुमानच्या स्टेशनावर चालकाविना येणारी मेट्रो पाहून तसलेच प्रश्न विचारतात : हिच्या डोक्यावर तार का नाही? वीज कुठून येते? म्हणून या लेखात आम्ही दोन प्रकारच्या ऊर्जेवर धावणाऱ्या इंजिनांची माहिती एकत्र दिली आहे. यात ब्रिटनची इलेक्ट्रो-डिझेल इंजिने आहेत आणि आपल्या मुंबईची एसी-डीसी इंजिनेही. मुंबईची इंजिने संख्येने ब्रिटनच्या पहिल्या पिढीतील इंजिनांच्या दुपटीहून जास्त होती, पण त्यांच्याविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. ती आता मोडीत निघत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

१. मूळ अडचण : रूळ एक, वीज दोन

रेल्वेचे रूळ एकमेकांना जोडले की गाडी कुठूनही कुठेही जाऊ शकते. विजेचे तसे नसते. प्रत्येक रेल्वे कंपनीने आपापल्या काळात जी वीज सोयीची वाटली ती घेतली. पुढे ती जाळी एकमेकांना भिडली तेव्हा शिवण दिसू लागली. एका बाजूला एक वीज, दुसऱ्या बाजूला दुसरी, किंवा दुसऱ्या बाजूला वीजच नाही.

अशा शिवणीवर तीनच उपाय असतात. पहिला, दर वेळी इंजिन बदलायचे. दुसरा, दोन्हीकडे चालेल असे इंजिन बनवायचे. तिसरा, शिवणच काढून टाकायची, म्हणजे सगळीकडे एकच वीज आणायची. पहिल्या उपायात वेळ जातो, दुसऱ्यात इंजिन महाग आणि गुंतागुंतीचे होते, तिसऱ्यात प्रचंड पैसा आणि वर्षे लागतात. पुढची सगळी हकीकत या तीन उपायांचीच आहे.

२. ब्रिटन : तिसरा रूळ आणि डिझेलची जोड

लंडनच्या दक्षिणेकडील रेल्वेने डोक्यावरची तार न घेता जमिनीलगतचा तिसरा रूळ निवडला. दोन रुळांच्या बाजूला विजेचा एक वेगळा रूळ टाकायचा आणि गाडीच्या बाजूला बसवलेल्या 'बुटाने' त्यावरून वीज घ्यायची. दाब साधारण ७५० व्होल्ट डीसी. आपल्या दुबई मेट्रोची पद्धतही हीच, तिसरा रूळ आणि ७५० व्होल्ट डीसी. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले : मेट्रोची वीज खालून, बाजूच्या रुळातून येते.

पण तिसऱ्या रुळाच्या अडचणी आहेत. यार्डात आणि गोदीत माणसे रुळांतून चालतात, तिथे उघडा विजेचा रूळ टाकणे धोक्याचे. सांध्यांच्या आणि फाटकांच्या ठिकाणी तो रूळ तोडावा लागतो. आणि रात्री दुरुस्तीसाठी वीज बंद केली की दुरुस्तीचे सामान नेणारे विजेचे इंजिनही बंद!

यावर १९६२ साली ईस्टलीच्या कारखान्यात तोडगा निघाला. तिथे सहा इंजिने तयार झाली, ज्यांच्यात विजेच्या मोटारींबरोबर एक छोटे डिझेल इंजिनही बसवले होते. विजेवर त्यांची ताकद १,६०० अश्वशक्ती, डिझेलवर मात्र ६०० अश्वशक्ती. मुख्य मार्गावर विजेने धावायचे आणि गोदीत, यार्डात किंवा वीज बंद असताना डिझेलवर हळूहळू काम उरकायचे, असा बेत. तो जमला. १९६५ ते १९६७ या काळात आणखी ४३ इंजिने बांधली गेली. एकूण ४९. हाच पुढे 'क्लास ७३' म्हणून ओळखला गेलेला वर्ग.

ही ४३ इंजिने इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत बांधली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे आपल्या मुंबईच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

याच सुमारास, १९६७-६८ मध्ये, दहा जुन्या विजेच्या इंजिनांत क्रू येथे डिझेल इंजिन बसवून 'क्लास ७४' तयार केला गेला. साउदॅम्प्टनच्या गोदीपर्यंत बोटीच्या प्रवाशांच्या गाड्या नेण्यासाठी ती उपयोगी होती. पण ती गुंतागुंतीची निघाली आणि १९७७ अखेर सगळी सेवेतून गेली. क्लास ७३ मात्र टिकला. १९८४ पासून २००५ पर्यंत लंडन ते गॅटविक विमानतळ या गाड्या त्याने ओढल्या. २०१० नंतरच्या दशकात काही इंजिनांत १,६०० अश्वशक्तीचे नवे डिझेल इंजिन बसवून ती स्कॉटलंडमधील रात्रीच्या शयनयान गाड्यांसाठी पाठवली गेली. म्हणजे विजेवर चालण्यासाठी जन्मलेले इंजिन म्हातारपणी जिथे तिसरा रूळच नाही अशा डोंगराळ भागात डिझेलवर धावू लागले.

३. मुंबई : डीसी आधी आली

आता आपल्याकडे वळू. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बॉम्बे व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली. वीज होती १,५०० व्होल्ट डीसी, डोक्यावरच्या तारेतून. ५ जानेवारी १९२८ रोजी बीबी अँड सीआय रेल्वेची कुलाबा-बोरिवली लोकल विजेवर आली आणि १९३६ मध्ये तीच वीज विरारपर्यंत पोहोचली. दुसरीकडे जीआयपी रेल्वेने १९२९-३० पर्यंत तारा थेट पुणे आणि इगतपुरीपर्यंत नेल्या. याचे मुख्य कारण आपले घाट. भोर घाट आणि थळ घाट या दोन्हींची चढण ३७ फुटांना एक फूट. वाफेच्या इंजिनांचा तिथे दम निघत असे. विजेची इंजिने घाट चढत आणि उतरताना मोटारी उलट्या वापरून थोडी वीज तारेत परतही देत.

मालगाड्यांसाठी आलेले लांब नाकाचे इंजिन आपल्या लोकांनी पाहिले आणि त्याचे नाव ठेवले 'खेकडा'. १९२८ पासून आलेल्या अशा ४१ इंजिनांपैकी पहिली दहा स्वित्झर्लंडमध्ये आणि उरलेली ३१ इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. हीच ती व्हल्कन फाउंड्री! पुढे १९५४-५५ मध्ये आलेली डब्ल्यूसीएम-१ ही इंजिनेही तिथलीच. म्हणजे ज्या कारखान्याने कसारा घाटाची इंजिने घडवली, त्यानेच दहा वर्षांनी लंडनच्या दक्षिणेसाठी इलेक्ट्रो-डिझेल बांधली.

१४ ऑक्टोबर १९६१ रोजी चित्तरंजनच्या कारखान्यातून भारतात बांधलेले पहिले विजेचे इंजिन पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडले. तेही मुंबईच्या १,५०० व्होल्ट डीसीसाठीच होते आणि त्याचे नाव होते 'लोकमान्य'. आपल्या मुलांना हे जरूर सांगावे.

४. शिवण कशी पडली?

१९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने ठरवले की यापुढे नवे विद्युतीकरण २५,००० व्होल्ट एसीने करायचे. निर्णय योग्य होता. साधा हिशेब पाहा. ५,००० अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे सुमारे ३,७०० किलोवॅट. १,५०० व्होल्टवर तेवढ्या ताकदीसाठी तारेतून जवळजवळ २,५०० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टवर तेच काम सुमारे १५० अँपिअरमध्ये होते. प्रवाह कमी म्हणजे तार बारीक, खांब हलके, विजेची गळती कमी. डीसीला दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागते, एसीला पुष्कळ दूरदूर चालते.

अडचण एवढीच की मुंबईत डीसी आधीच घट्ट रुजली होती. लाखो लोकांच्या लोकल तिच्यावर चालत होत्या. म्हणून देशाच्या आतून एसी आली आणि मुंबईच्या वेशीवर थांबली. मध्य रेल्वेवर ती भुसावळकडून येऊन इगतपुरीला थांबली, पश्चिम रेल्वेवर गुजरातकडून येऊन विरारला. इगतपुरी आणि विरार ही नावे वेळापत्रकात साधी स्टेशने असली तरी विजेच्या नकाशावर ती सरहद्दीची ठाणी झाली.

५. एसी-डीसी इंजिने कशी चालत?

इंजिनाच्या नावातच त्याचा स्वभाव दडलेला असे. भारतीय रेल्वेच्या संकेतात डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी, जी म्हणजे फक्त मालासाठी. म्हणून 'डब्ल्यूसीएएम' म्हणजे दोन्ही विजांवर चालणारे, दोन्ही कामांचे ब्रॉडगेज इंजिन.

आत काय चाले ते थोडक्यात सांगतो. चाकांना फिरवणाऱ्या मोटारी डीसीच्याच असत. एसीच्या तारेखाली आल्यावर २५,००० व्होल्ट आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन कमी होत, मग रेक्टिफायरमधून डीसी बनून मोटारींना मिळत. डीसीच्या तारेखाली हा ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवून १,५०० व्होल्ट थेट मोटारींकडे जात. सुरुवातीला मोटारी एकामागे एक जोडून आणि मध्ये रोधक घालून वेग आवरायचा, मग जोडणी बदलत वेग वाढवायचा, अशी जुनी डीसी पद्धत. थोडक्यात, एका पेटीत दोन इंजिनांचे सामान भरलेले असे. एसीच्या तारेखाली डीसीचे सामान नुसते वाहून न्यायचे, आणि डीसीच्या तारेखाली एसीचे.

विरारच्या पुढे दोन विजांच्या मध्ये तारेचा एक मृत तुकडा ठेवलेला असे. त्यात वीज नसे. ड्रायव्हर त्याच्या आधी मुख्य स्विच उघडे, गाडी आपल्या वेगानेच तो तुकडा ओलांडे, पलीकडे गेल्यावर इंजिन दुसऱ्या विजेवर लावून स्विच पुन्हा बंद केला जाई. डब्यातल्या प्रवाशाला काही कळतही नसे. ज्या सरहद्दीवर एरवी थांबावे लागले असते ती चालत्या गाडीत पार होई. यात चूक झाली तर मात्र परिणाम गंभीर. १,५०० व्होल्टसाठी जोडलेल्या यंत्रात २५,००० व्होल्ट शिरू नयेत म्हणून संरक्षणाची व्यवस्था असे, पण ड्रायव्हर आणि त्याचा सहायक दोघांचेही डोळे त्या पाटीवर असत.

६. चार भावंडे

पहिले डब्ल्यूसीएएम-१. चित्तरंजनने १९७५ ते १९७९ या काळात अशी ५३ इंजिने बांधली. ती पश्चिम रेल्वेवर मुंबई-अहमदाबाद मार्गावर चालली. एसीवर ३,६४० अश्वशक्ती, डीसीवर २,९३०. डीसीखाली ताकद कमी पडे ही त्यांची जन्मखोड. ब्रिटनच्या क्लास ७३ सारखीच ही गोष्ट : दोन घरचा पाहुणा एका घरी थोडा उपाशी!

दुसरे डब्ल्यूसीएएम-२. भेलने १९९५-९६ मध्ये पश्चिम रेल्वेसाठी अशी २० इंजिने बांधली. पुढे ती मध्य रेल्वेकडे आली.

तिसरे डब्ल्यूसीएएम-३. भेलचीच, १९९७-९८ मधली, ५३ इंजिने, कल्याणच्या शेडची. डीसीवर ४,६०० आणि एसीवर ५,००० अश्वशक्ती. म्हणजे पहिल्या भावंडाची खोड इथे बरीचशी भरून काढली होती. डेक्कन क्वीन आणि पंचवटी या आपल्या लाडक्या गाड्या या इंजिनांनी ओढल्या. मनमाडहून निघालेल्या पंचवटीला त्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलत बसावे लागेना. रोज नाशिक-मुंबई ये-जा करणाऱ्या चाकरमान्याला त्या वाचलेल्या मिनिटांची किंमत विचारा! मात्र सगळ्याच लांबच्या गाड्यांचे इंजिन बदलणे लगेच थांबले नाही. ते दृश्य पुढेही बरीच वर्षे दिसत राहिले.

चौथे डब्ल्यूसीएजी-१. खास मालगाड्यांसाठी, भेलची १२ इंजिने.

चारही मिळून १३८ इंजिने. ब्रिटनचे क्लास ७३ आणि ७४ मिळून ५९. दोन्हींचा प्रश्न सारखा नव्हता हे खरे. त्यांना वीज आणि डिझेल जोडायचे होते, आपल्याला एसी आणि डीसी. पण शिवणीवर पूल बांधण्याचे काम तेच.

७. मुंबईने तिसरा उपाय निवडला

इंजिने कितीही चांगली असली तरी डीसीची मर्यादा सुटत नव्हती. लोकलची संख्या आणि लांबी वाढवायची तर तारेत तेवढी ताकद हवी, आणि १,५०० व्होल्टच्या तारेत ती नव्हती. म्हणून मुंबईची सगळी डीसी काढून एसी आणायचे काम हाती घेतले गेले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. वीज बदलायची म्हणजे तारा, खांबांवरील इन्सुलेटर, उपकेंद्रे, सिग्नलची यंत्रणा आणि जुन्या पुलांखालची उंची हे सगळे बदलायचे. २५,००० व्होल्टची तार पुलाच्या दगडापासून जास्त लांब ठेवावी लागते, म्हणून कुठे पूल उचलायचा तर कुठे रूळ खाली न्यायचे. आणि हे सारे रोजची लोकल बंद न पाडता, रात्रीच्या आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये! या संधिकाळात चालाव्यात म्हणून लोकलही दोन्ही विजांवर चालणाऱ्या आणल्या गेल्या. २००७ पासून आलेल्या नव्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल आपल्याला आठवत असतील, त्या अशाच होत्या.

पश्चिम रेल्वेचे चर्चगेट-विरार काम ५ फेब्रुवारी २०१२ रोजी पूर्ण झाले. मध्य रेल्वेवर २००६ पासून इगतपुरीच्या बाजूने एसी खाली सरकत आली. कसारा, टिटवाळा असे करत करत जून २०१५ मध्ये ती मुख्य मार्गाने सीएसटीपर्यंत पोहोचली. शेवटी उरला हार्बर मार्ग. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री तिथली शेवटची डीसी लोकल धावली. जिथून सुरुवात झाली त्याच मार्गावर, ९१ वर्षांनी, मुंबईची डीसी संपली.

त्या रात्रीनंतर एसी-डीसी इंजिनांच्या पोटातले अर्धे सामान निरुपयोगी झाले. ती केवळ एसीवर धावू लागली आणि नव्या, अधिक ताकदीच्या इंजिनांपुढे मागे पडत हळूहळू मोडीत जाऊ लागली. यात दोष कुणाचा नाही. ज्या अडचणीसाठी इंजिन जन्माला आले ती अडचण संपली की इंजिनाचेही काम संपते. इगतपुरीला गाड्या आजही थांबतात. घाट चढवायला कसाऱ्याला मागे लावलेली बँकर इंजिने तिथे सुटतात. पण विजेच्या सरहद्दीचे ठाणे म्हणून तिची ओळख उरली नाही.

८. ब्रिटनने दुसराच उपाय चालू ठेवला

ब्रिटनमध्ये आजही निम्म्याहून अधिक मार्गांवर वीज नाही. त्यामुळे तिथे शिवण कायम आहे आणि दोन्हीकडे चालणारी इंजिनेही नव्याने बनत आहेत. २०१७ मध्ये 'क्लास ८८' सेवेत आले. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या कारखान्यात बांधलेली ही दहा इंजिने तारेखाली ४,००० किलोवॅटची आणि डिझेलवर ७०० किलोवॅटची आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लंडनहून पश्चिमेकडे हिताचीच्या दुहेरी गाड्या धावू लागल्या, ज्यांच्या डब्यांखालीच डिझेल इंजिने आहेत. त्यानंतरच्या 'क्लास ९३' मध्ये तर तार, डिझेल आणि बॅटरी अशी तिहेरी सोय आहे.

कोणाचे बरोबर? आम्हाला वाटते, दोघांचेही आपापल्या जागी. जिथे गाड्यांची गर्दी मोठी तिथे शिवण काढणे परवडते, कारण तो खर्च रोज लाखो प्रवासी वापरतात. जिथे दिवसाला मोजक्या गाड्या जातात तिथे तारेपेक्षा दुहेरी इंजिन स्वस्त पडते. भारताने मात्र सगळीकडेच शिवण काढायचे ठरवले. आपल्या कोकणवासी मंडळींना आठवत असेल, कोकण रेल्वेच्या कित्येक गाड्यांना वर्षानुवर्षे मुंबईपासूनच डिझेल इंजिन लागे. डोक्यावर विजेची तार आणि खाली धूर सोडणारे इंजिन! तिथे इलेक्ट्रो-डिझेल शोभले असते. पण २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे पूर्ण विद्युतीकरण झाले आणि तोही प्रश्न मिटला. दुहेरी इंजिनाची कल्पना आपल्याकडे अगदीच संपली असे मात्र नाही. जबलपूर येथे २०२० मध्ये 'नवदूत' नावाचे शंटिंगचे इंजिन तयार झाले, ते तारेवरही चालते आणि बॅटरीवरही.

९. आणि आपण राहतो तिथे?

अमिरातीची राष्ट्रीय रेल्वे, एतिहाद रेल, हिची स्थापना २००९ ची. शाह आणि हबशान येथील गंधक रुवैसच्या बंदरापर्यंत नेणारा २६४ किलोमीटरचा पहिला टप्पा २०१६ मध्ये पूर्णपणे व्यापारी सेवेत आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सौदी सीमेजवळच्या गुवैफातपासून फुजैरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरच्या मालवाहतुकीच्या जाळ्याचे उद्घाटन झाले. ही मालवाहतूक अमेरिकन बनावटीच्या, वाळूच्या धुळीसाठी खास गाळण्या असलेल्या डिझेल इंजिनांवर चालते. २०२६ मध्ये प्रवासी सेवा सुरू करण्याचे नियोजन २०२५ मध्ये जाहीर झाले.

म्हणजे आपल्या एकाच दुबई शहरात तीन तऱ्हा झाल्या. ९ सप्टेंबर २००९ पासून तिसऱ्या रुळावर धावणारी मेट्रो, नोव्हेंबर २०१४ पासून जमिनीतल्या पट्टीतून वीज घेणारी ट्राम, आणि शहराबाहेरून जाणारी डिझेलची मालगाडी. यांचे रूळ आज एकमेकांना मिळत नाहीत, म्हणून शिवणीचा प्रश्नही नाही. पण उद्या या वाळवंटी मार्गांवर तारा टाकायचे ठरले, तर त्या एकदम सगळीकडे पडणार नाहीत. काही वर्षे निम्म्या मार्गावर तार आणि निम्म्यावर नाही असे चालेल. त्या वेळी इथल्या अभियंत्यांपुढे विरार आणि साउदॅम्प्टनचाच प्रश्न उभा राहील. आपली मुले त्यांच्यात असतील तर त्यांना उत्तराची सुरुवात घरातूनच मिळालेली असावी, एवढीच आमची इच्छा.

१०. संक्षिप्त कालपट

१९२५ : बॉम्बे व्हीटी-कुर्ला, भारतातली पहिली विजेची गाडी, १,५०० व्होल्ट डीसी.
१९२८ : कुलाबा-बोरिवली लोकल विजेवर.
१९२९-३० : तारा पुणे आणि इगतपुरीपर्यंत.
१९५७ : भारतात यापुढे २५,००० व्होल्ट एसीचा निर्णय.
१९६१ : चित्तरंजनचे 'लोकमान्य'.
१९६२ : ब्रिटनची पहिली क्लास ७३ इंजिने.
१९६७-६८ : ब्रिटनचा क्लास ७४.
१९७५ : पहिली डब्ल्यूसीएएम-१.
१९९५-९६ : डब्ल्यूसीएएम-२.
१९९७-९८ : डब्ल्यूसीएएम-३.
२०१२ : पश्चिम रेल्वेची मुंबईतील डीसी संपली.
२०१६ : हार्बर मार्गासह मुंबईची डीसी संपली.
२०१७ : ब्रिटनचा क्लास ८८.

११. सुट्टीत जाल तेव्हा

उन्हाळ्यात गावी गेल्यावर मुलांना मॉलमध्ये नेण्याआधी एक तास काढून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या हेरिटेज गल्लीत न्या. तिथे 'सर लेस्ली विल्सन' हे खेकडा जातीचे जुने डीसी इंजिन उभे आहे. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर रॉजर लमली' हे डीसी काळातले प्रवासी गाडीचे इंजिन पाहता येते. लोखंडाला हात लावून पाहिले की जी गोष्ट कळते ती पडद्यावर कळत नाही.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा, काका रेल्वेत होते. कल्याणच्या शेडमध्ये, इगतपुरीच्या यार्डात, भुसावळच्या क्वार्टर्समध्ये त्यांचे आयुष्य गेले. थंडीत पहाटे इंजिन सोडवणारे, मृत तारेखालून गाडी नेणारे हात त्यांचेच. इंजिनांची संख्या आणि अश्वशक्ती कुठेतरी नोंदलेली राहील. विरारच्या पाटीआधी ड्रायव्हर सहायकाला काय म्हणत असे, इगतपुरीच्या थंडीत हातमोजे कसे गोठत, बँकरवाल्याला शिट्टीचा इशारा कसा देत, हे मात्र त्यांनाच ठाऊक. ही मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा तब्येतीची चौकशी झाल्यावर एवढे विचारा, "बाबा, तुमच्या वेळी इंजिन कसं बदलायचे?" मग निवांत ऐका, आणि जमल्यास लिहून आमच्याकडे पाठवा. पुढील अंकांत आम्ही ते आनंदाने छापू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
संपादक मंडळ